सीट मागे जाते, पुढे येत नाही : सोळाव्या वर्षातल्या गाडीचा स्विच

ज्यांच्या गाडीची ड्रायव्हरची सीट बटणावर सरकते आणि हल्ली एकाच बाजूला सरकते, त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी मेकॅनिक नाही. बँकेत नोकरी करते, पुण्यात राहते, आणि गेल्या सप्टेंबरपर्यंत सीटच्या आत मोटर असते की मोटरी असतात हेही मला ठाऊक नव्हतं. (मोटरी असतात. आमच्या सीटमध्ये चार आहेत.)

गाडी बाबांची. पेट्रोलवरची, पाच गिअरची सेडान, फेब्रुवारी २०१० ची नोंदणी. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण त्या काळातल्या बटणाच्या सीटची रचना थोड्याफार फरकाने सगळीकडे अशीच आहे. बाबा सहा फूट उंच, मी पाच फूट एक इंच. ते गुडघ्यांमुळे आता फारसे चालवत नाहीत, त्यामुळे फिजिओथेरपी, बँक, लग्नकार्य, सगळीकडे त्यांना नेणं माझ्याकडे. २०२५ च्या फेब्रुवारीतच पंधरा वर्षांनंतरची फेरनोंदणी करून घेतली होती. नमुना २५ चा अर्ज, पीयूसी, विम्याची प्रत, पाच हजार रुपये फी, वर पर्यावरण कर, आणि गाडी नेऊन इन्स्पेक्टरला प्रत्यक्ष दाखवणं. आरसी २०३० पर्यंत वाढून मिळाली. इतकं सगळं केल्यावर एका बटणापायी गाडी विकायची, हे डोक्यातच बसेना. हे आधीच सांगते, कारण पुढे ज्याला त्याला हेच सुचत होतं : "जुनी झाली, काढून टाका."

लक्षणं सप्टेंबरच्या मध्यापासून दिसत होती. सीट पुढे घ्यायचं बटण एकदा दाबून चालायचं नाही, दोनदा दाबावं लागायचं. मग जोरात दाबावं लागायचं. मग दाबून थोडं वाकडं धरावं लागायचं. चाललंय ना, मग झालं, असं म्हणत दिवस गेले. २ ऑक्टोबरला दसरा. आदल्या दिवशी गाडी धुतली, पूजा झाली, आणि नेहमीप्रमाणे सोसायटीभोवती एक फेरी मारायचा मान बाबांचा. त्यांनी बसताना सीट पूर्ण मागे घेतली. फेरी झाली, ते उतरले, मी बसले, आणि सीट काही केल्या पुढे येईना. मागे जायचं बटण दाबलं तर मोटर "घुंई" करून मागच्या टोकाला अडत होती. पुढे दाबलं की शांतता. क्लचपर्यंत माझा पाय पोचायचा, पण पूर्ण दाबला जात नव्हता.

पाठीमागे उशी घेऊन चालवावी असं अनेकांनी सुचवलं. तसं करू नका. जोरात ब्रेक लागला की उशी सरकते, आणि त्याच क्षणी पाय पेडलवरून सुटतो. छाती आणि स्टिअरिंगच्या मध्यभागात निदान पंचवीस सेंटिमीटर अंतर असावं असं एअरबॅगच्या बाबतीत सांगतात. उशी घेऊन नेमकं किती अंतर राहतं ते आपल्याला नीट मोजताही येत नाही. तोवर रिक्षा केली.

पहिलं काम सोपं : फ्यूज. डॅशबोर्डखालच्या झाकणाच्या आतल्या बाजूला नकाशा असतो, त्यात सीटचं चित्र शोधायचं. आमच्याकडे तो ३० अँपिअरचा आहे. तो ठीक होता, आणि खरं तर काढून बघायची गरजच नव्हती, कारण सीट मागे जात होती, वर-खाली होत होती; म्हणजे वीज येत होती. हे बाबांनी सांगितलं. बाबा विद्युत मंडळातून निवृत्त झालेत. घरातलं काहीही बिघडलं की ते आधी खुर्ची ओढून बसतात आणि प्रश्न विचारतात. त्यांनी मला वहीत लिहायला लावलं : कुठलं बटण, कुठली दिशा, आवाज येतो का.

वहीत आलं ते असं. सीट पुढे : आवाज नाही. सीट मागे : चालते. पाठ मागे : आवाज नाही. पाठ पुढे : चालते. मागची उंची वर-खाली : चालते. पुढची उंची वर-खाली : चालते.

"मग मोटर गेली नाही," बाबा म्हणाले. "जी मोटर मागे फिरते ती पुढेही फिरणारच. तिला काय कळतंय पुढे-मागे."

हे वाक्य मला पुढे सगळीकडे कामाला आलं, म्हणून जरा सविस्तर सांगते. सीटची मोटर साधी बारा व्होल्टची, दोन वायरींची. एका वायरीला प्लस आणि दुसरीला अर्थ (म्हणजे बॅटरीची निगेटिव्ह बाजू) दिला की ती एका बाजूला फिरते, उलट दिलं की उलट फिरते. ही अदलाबदल करणं एवढंच त्या स्विचचं काम. बटण मोकळं असताना दोन्ही वायरी अर्थला चिकटलेल्या असतात. पुढचं बटण दाबलं की पहिली वायर अर्थवरून सुटून प्लसवर जाते, दुसरी अर्थवरच राहते. मागचं दाबलं की दुसरी प्लसवर जाते आणि पहिली अर्थवर राहते. म्हणजे सीट पुढे येण्यासाठी दोन जोड नीट हवेत : पहिल्या वायरीचा प्लसचा आणि दुसऱ्या वायरीचा अर्थचा. यातला एक जरी काळा पडला तरी फक्त पुढची दिशा मरते, मागची जिवंत राहते.

उलटपक्षी, बटण दाबल्यावर मोटरचा आवाज येत असेल पण सीट हलत नसेल, तर दोष गिअरचा, केबलचा किंवा रुळांत अडकलेल्या एखाद्या नाण्याचा. स्विचच्या मागे लागू नका. सगळीच बटणं एकदम मेली तर फ्यूज, सीटखालचं कनेक्टर किंवा अर्थची वायर बघा. आणि सीटवर १, २, ३ अशी मेमरीची बटणं असतील तर पुढचं बरंचसं तुम्हाला लागू नाही. तिथे स्विच फक्त इशारा देतो आणि मोटरी वेगळा कंट्रोल युनिट चालवतो.

६ ऑक्टोबरला गाडी कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला नेली. चालवली शेजारच्या उंच मुलाने. तिथे जॉब कार्ड उघडलं, त्यावर किलोमीटर, पेट्रोलचा काटा, डिकीतली स्टेपनी आणि जॅक यांची नोंद झाली. मी वही दाखवली. अ‍ॅडव्हायझर मुलगा सभ्य होता, त्याने वाचली आणि "मॅडम, चेकिंग करावंच लागेल" म्हणाला. चेकिंगचे एक हजार, वर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे १,१८०. संध्याकाळी फोन आला : "सीट स्विच असेंब्ली फॉल्टी." बाबा खुर्चीतून नुसतं "हं" म्हणाले.

एस्टिमेट असं होतं. स्विचचा पूर्ण संच १६,४००, लेबर २,५०० अधिक जीएसटी, एकूण १९,३५०. फक्त एक स्विच मिळत नाही, सगळा संच घ्यावा लागतो. "बरं झालं मॅडम, २२ सप्टेंबरनंतर आलात. आधी पार्टवर अठ्ठावीस टक्के होता, आता अठरा." पार्ट पुण्यात नाही, मुंबईत नाही, मागवावा लागेल. जुन्या गाडीचा पार्ट असल्याने पूर्ण रक्कम आगाऊ, आणि मागवल्यावर परत घेतला जाणार नाही. त्या अटीखाली मी सही केली, पण पेन खाली ठेवण्याआधी एक प्रश्न विचारून उत्तर ईमेलवर मागून घेतलं : पार्ट आलाच नाही तर पैसे परत मिळतील का, आणि किती दिवसांत? उत्तर आलं : पूर्ण परत, अर्ज केल्यापासून पंधरा कामाच्या दिवसांत. तो ईमेल नंतर सोन्यासारखा उपयोगी पडला. तुम्हीही लेखी घ्या.

ऑर्डर देताना चॅसी नंबर द्यावा लागतो, कारण त्याच मॉडेलच्या दोन वर्षांच्या गाड्यांत स्विच वेगळा असू शकतो. आरसीवर तो असतोच, तरी काचेखालच्या पट्टीवरून ताडून बघा.

गाडी परत नेताना त्या मेकॅनिककडून एक उपकार मात्र झाला. त्याने सीटखालचं मोटरचं कनेक्टर सोडवून, बॅटरीवरून फ्यूज लावलेल्या दोन वायरी थेट मोटरला दिल्या आणि सीट माझ्या मापाला पुढे आणून ठेवली. काही मिनिटांचं काम. याचे वेगळे पैसे त्याने घेतले नाहीत. आता मी गाडी चालवू शकत होते. फक्त बाबांना ड्रायव्हरच्या जागी बसायला बंदी झाली, आणि मागचं बटण चुकून दाबलं जाऊ नये म्हणून त्यावर चिकटपट्टी लावली. सीट अडकलेली असेल तर हे आधी करून घ्या. स्विचसाठी पुढेमागे थांबायला वेळ मिळतो.

विम्यातून काही मिळेल का हेही विचारून पाहिलं, कारण पॉलिसी सर्वसमावेशक आहे. नाही मिळत. झीज आणि यांत्रिक किंवा विद्युत बिघाड हे नेहमीच्या वाहनविम्यात स्पष्टपणे वगळलेले असतात. पॉलिसीच्या कागदात "वगळलेल्या बाबी" या मथळ्याखाली वाचा. फोनवर अर्धा तास संगीत ऐकण्यापेक्षा ते लवकर होतं.

मग दिवाळी आली. २१ ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन, २३ ला भाऊबीज, आणि त्याच्या अलीकडे-पलीकडे कुणी कुणाचा फोन उचलत नाही. सर्व्हिस सेंटरकडून आठवड्याला एकच निरोप : "मॅडम, बॅक ऑर्डरमध्ये आहे." नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात निरोप बदलला : हा पार्ट आता बनत नाही. त्याच्या जागी दुसरा नंबरही नाही.

आता दुसरा रस्ता. पुण्यात गाड्यांच्या सुट्या भागांसाठी नाना पेठ. एका शनिवारी सकाळी मोबाइलमध्ये स्विचचे फोटो, पार्ट नंबर आणि चॅसी नंबर घेऊन गेले. (सकाळी जा. दुपारी तिथे गाडी लावणं हा वेगळा प्रकल्प आहे.) बहुतेक दुकानांत फोटो बघूनच मान हलली. काचेच्या स्विचचा कॉपी माल ढिगाने मिळतो, कारण तो हजारो गाड्यांत जातो. सीटचा स्विच फारच थोड्या गाड्यांत असल्यामुळे त्याची नक्कल कुणी काढत नाही. एका दुकानदाराने एक पर्याय दिला : याच मॉडेलच्या खालच्या श्रेणीतली, हाताने खटका ओढून सरकवायची सीट आणून बसवायची. "कायमची कटकट जाईल." स्वस्त वाटतं खरं. पण आमच्या सीटच्या पाठीत बाजूची एअरबॅग आहे, बेल्टचा सेन्सर आहे. ते नसलेली सीट बसवली तर एअरबॅगचा दिवा कायम लागलेला राहणार आणि अपघातात ती एअरबॅग नसणार. बाबांसाठी मी तयार नव्हते आणि माझ्यासाठी बाबा तयार नव्हते.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या गाड्यांचे भाग मिळतात, तिथल्या एका दुकानदाराशी व्हॉट्सअ‍ॅपवर बोलले. त्याच्याकडे स्विच होता. साडेपाच हजार. फोटो मागवला आणि बाबांनी तो उलटा-सुलटा करून बघितला : डाव्या सीटचा होता. डाव्या आणि उजव्या सीटचे स्विच एकमेकांचे आरशातले प्रतिबिंब असतात, बसत नाहीत. परदेशी संकेतस्थळांवरून मागवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवा. अमेरिकेत किंवा युरोपातल्या बहुतेक देशांत "ड्रायव्हर साइड" म्हणजे डावी सीट. आपल्याला तिकडची पॅसेंजर साइड लागते, आणि त्या सीटला कधी उंचीची बटणंच नसतात. शिवाय कुरिअरने येणाऱ्या मालावर कस्टम ड्यूटी, आणि ती सुटण्यासाठी आधार किंवा पॅनचा केवायसी. मी तो नाद सोडला.

नाना पेठेतल्या त्याच फेरीत एका दुकानदाराने जाता जाता सांगितलं होतं, "नवीन कशाला शोधताय ताई, उघडून साफ करून घ्या ना." आणि एका ऑटो इलेक्ट्रिशियनचा पत्ता दिला होता. नाव इथे देत नाही, त्यांना मी विचारलेलं नाही. साठीचे काका, छोटी टपरीवजा जागा, भिंतीवर डायनॅमोची जुनी आर्मेचर टांगलेली. वही वाचली, कुठलंही बटण न दाबता म्हणाले, "दोन स्विचचे पॉइंट गेलेत. मोटरला हात लावायचा नाही." (पॉइंट म्हणजे स्विचच्या आतले ते जोड.) वेळ दिली १५ नोव्हेंबरची, शनिवार. मी विचारलं, शेजारी बसून बघू का? "बघा की. टॉर्च धरा."

हा भाग जरा सावकाश सांगते.

आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. सीटखाली पिवळं कनेक्टर दिसतं, ते एअरबॅगचं. बॅटरी काढल्यावरही एअरबॅगच्या सर्किटमध्ये काही वेळ वीज साठून राहते, म्हणून गाडीच्या मॅन्युअलमध्ये सांगितलेली वेळ तरी थांबायचंच. काकांनी चहा मागवला आणि आम्ही अर्धा तास बसलो. पिवळं कनेक्टर सोडवलं असेल तर ते परत जोडेपर्यंत चावी फिरवायची नाही. फिरवली तर एअरबॅगचा दिवा लागतो आणि तो स्कॅनर लावूनच घालवावा लागतो. आम्हाला ते सोडवावं लागलंच नाही, कारण सीट आधीच पुढे होती आणि बाजूचं प्लॅस्टिक बसल्या जागी निघत होतं. सीट पूर्ण बाहेर काढायची वेळ आली तर मागचे बोल्ट दिसायला सीट पुढे असावी लागते आणि पुढचे दिसायला मागे. स्विच मेलेला असताना हा पेच पडतोच, म्हणून ती थेट वायरची युक्ती पुन्हा आठवा.

बटणं ओढून निघतात. आडवं लांब बटण सीटच्या गादीच्या आकाराचं, उभं बटण पाठीच्या आकाराचं. दोन्ही बाहेरच्या बाजूला सरळ ओढायची, पिळायची नाहीत. मग बाजूच्या प्लॅस्टिकच्या पट्टीचे ताऱ्याच्या आकाराच्या खाचेचे स्क्रू, त्यातला एक पुढच्या टोकाला गालिच्याखाली लपलेला. तो न काढता पट्टी ओढली की ती तडकते, आणि ती पट्टीही आता बनत नाही. काकांनी प्रत्येक स्क्रू एका पुठ्ठ्यावर टोचला आणि शेजारी कुठला ते लिहिलं. मी फोटो काढत होते. दोन्ही करा.

संच हातात आला तो तळहाताएवढा. मागून दोन जाड वायरी, प्लस आणि अर्थ, आणि मोटरींच्या आठ बारीक. उघडण्याआधी काकांनी मल्टिमीटर कंटिन्युटीवर (जोड सलग असेल तर तो वाजतो) लावला. सरकण्याच्या स्विचच्या दोन्ही वायरी बटण मोकळं असताना अर्थशी वाजल्या, म्हणजे त्या बाजूने ठीक. पुढचं बटण दाबून प्लसशी लावलं, गप्प. तिथे प्लसचा पॉइंट गेला होता. पाठीच्या स्विचमध्ये उलटं निघालं : मोकळ्या अवस्थेतच एक वायर अर्थशी वाजेना. बाबांनी वहीवरून मांडलेले दोन जोड, दोन वेगवेगळ्या स्विचमध्ये, दोन वेगवेगळ्या जागी गेलेले. मी टॉर्च धरून त्यांना फोन लावला. ते म्हणाले, "पॉइंट चांदीचे असतील, जास्त घासू देऊ नकोस."

मग एक मोठी स्टीलची परात आली. तिच्यात, वर पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी धरून, काकांनी बारीक पेचकसाने संचाच्या कडेच्या खुंट्या एक एक उचकल्या. आत प्रत्येक बटणाखाली दोन स्प्रिंगा आणि दोन प्लॅस्टिकच्या टोप्या असतात, त्या उडतात. एक उडालीच, पिशवीत अडकली. खाली तांब्याच्या छोट्या पट्ट्या, बागेतल्या सी-सॉसारख्या मध्ये टेकलेल्या : एक टोक अर्थच्या पॉइंटवर, बटण दाबलं की दुसरं टोक प्लसच्या पॉइंटवर. एका स्विचमध्ये अशा दोन.

पाठीच्या स्विचमध्ये काळपट तपकिरी चिकट थर होता. काकांनी नखाने उकरून वास घेतला. "चहा. साखरेचा." जुनं ग्रीस आणि वाळलेला गोड चहा यांचा लगदा पट्टी आणि अर्थच्या पॉइंटच्या मधे जाऊन बसला होता. या गाडीत चहा कधी सांडला यावर आमच्या घरात तीन मतं आहेत. सरकण्याच्या स्विचमध्ये मात्र चहा नव्हता, तिथे पॉइंट जळला होता. सीट टोकाला पोचल्यावरही बटण दाबून धरलं की मोटर अडते आणि नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. तशात बटण सोडलं की पॉइंटवर ठिणगी पडते. पंधरा वर्षं रोज थोडी थोडी. पट्टीच्या टोकाचा गोल ठिपका खड्डा पडून निम्मा उरला होता. सीट टोकाला लागली की बटण लगेच सोडा, हे मी आता गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाला सांगते आणि कुणी ऐकत नाही.

चहाचं काम सोपं निघालं. आयसोप्रोपिल अल्कोहोल, जुना टूथब्रश, मग कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा, आणि पॉइंटवर खोडरबर. पांढरं, पेन्सिलचं. काळेपणा गेला की खाली पांढरट चमक दिसते, ती चांदीची, तिथे थांबायचं. पॉलिश पेपर फक्त जळलेल्या पॉइंटला, तोही हजार नंबरचा, दोन-चार हात. गंजावर मारतात तो तेलकट स्प्रे स्विचमध्ये मारू नका असं काका म्हणाले; त्याने आज चालतं आणि पुढे धूळ धरून बसते. ग्रीस लावायचं ते प्लॅस्टिकच्या घासणाऱ्या भागाला, अगदी बोटाने पुसल्यासारखं, पॉइंटला नाही.

जळलेल्या पट्टीचं काय करायचं हा खरा प्रश्न होता. ती साफ होऊन भागणार नव्हतं, धातूच उरला नव्हता. मला वाटलं आता कुर्ल्याचा डाव्या सीटचा स्विच आतल्या पट्टीसाठी घ्यावा लागणार. काकांनी चारही स्विच उघडून पट्ट्या रांगेत मांडल्या आणि एकीवर एक ठेवून बघितल्या. सारख्याच होत्या. "गादीची पुढची उंची कोण वापरतं तुमच्यात?" कुणीच नाही. मी तर ते बटण वहीसाठी पहिल्यांदाच दाबलं होतं. त्या स्विचमधली कोरी करकरीत पट्टी सरकण्याच्या स्विचमध्ये गेली आणि जळलेली, घासून सपाट केलेली, पुढच्या उंचीच्या स्विचमध्ये. तुमच्या संचातही पट्ट्या सारख्या असण्याची शक्यता बरीच आहे. उघडल्यावर आधी ते बघा.

बंद करण्याआधी परत मल्टिमीटर, प्रत्येक स्विच, मोकळा आणि दोन्ही बाजूंनी दाबून. मग संच नुसताच कनेक्टरला लावून, बाजूची पट्टी न बसवता, बॅटरी जोडून सीट चालवली. पुढे आली. मागे गेली. पाठ मागे झुकली. काकांनी ती टोकाला नेली नाही, अलीकडेच सोडली, आणि माझ्याकडे बघितलं. मग पट्टी, स्क्रू, बटणं.

चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझला, जसा विझायला हवा तसा. म्युझिक सिस्टिमने मात्र कोड मागितला. त्या काळच्या बऱ्याच गाड्यांत बॅटरी काढली की रेडिओ कुलूपबंद होतो. कोडचं कार्ड गाडीच्या मूळ कागदपत्रांच्या पाकिटात असतं. बॅटरीला हात लावण्याआधी ते शोधून ठेवा. आमचं बाबांच्या कपाटात, एलआयसीच्या जुन्या पावत्यांच्या फायलीत निघालं. ड्रायव्हरची काच एका झटक्यात वर जायचीही बंद झाली होती. काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद धरून ठेवल्यावर ती शिकली.

काकांनी घेतले बाराशे. साफसफाईचं सामान त्यांचंच. मल्टिमीटर आम्ही नंतर तपकीर गल्लीतून साडेचारशेला घेतला, तो बाबांचा हट्ट. जुना घरात होता, पण त्याची कंटिन्युटी वाजत नाही म्हणे. सर्व्हिस सेंटरचे चेकिंगचे ११८० गेले ते गेले.

आता जानेवारी संपत आलाय. सीट दोन्ही बाजूंनी नीट चालते, पाठही. पुढच्या उंचीचं बटण वर जाताना कधी कधी दुसऱ्यांदा दाबावं लागतं, तिथे ती जुनी पट्टी आहे. बाबा आता बसताना सीट मागे घेतात आणि उतरण्याआधी माझ्या मापाला पुढे आणून ठेवतात, न सांगता.

राहिले आगाऊ भरलेले १६,४००. १७ नोव्हेंबरला परताव्याचा अर्ज दिला. त्यासोबत लागलं ते : मूळ पावती, रद्द केलेला चेक, पॅनची प्रत, आणि पार्ट उपलब्ध नसल्याचा त्यांचाच ईमेल छापून. मूळ पावती त्यांच्याकडे जाते, म्हणून तिची झेरॉक्स काढून त्यावर पोच घ्या. आधी सांगण्यात आलं की "परत न घेण्याची" अट सही केलेली आहे. मी ऑक्टोबरचा ईमेल पुढे केला, तेव्हा तो मुलगा आत जाऊन मॅनेजरला दाखवून आला. नंतर पॅनवरचं नाव आणि पावतीवरचं नाव जुळत नाही म्हणून अर्ज अडला : गाडी बाबांच्या नावावर म्हणून पावती त्यांच्या नावाने, पैसे माझ्या खात्यातून. बाबांचं सहीचं संमतिपत्र दिलं, साध्या कागदावर चाललं, स्टँप पेपर लागला नाही. १२ डिसेंबरला पूर्ण रक्कम माझ्या खात्यात जमा झाली.